आधी पाणी, मग तोफ

मुकुंदराव करडे यांच्या दुकानात तोफ विकत मिळते. पण तिच्याआधी पाण्याचे टाके घ्यावे लागते. ही अट कुठेही लिहिलेली नाही, तिला अपवाद नाही आणि तिच्यावर वाद घालून कोणी जिंकल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तोफ करंगळीच्या पेराएवढी असते, टाके काडेपेटीहूनही लहान. म्हणजे प्रश्न जागेचा नाही, तत्त्वाचा आहे.

“तोफ दाखवता का जरा?” गिऱ्हाईक विचारते.

“किल्ला आहे?”

“आहे ना. मागच्या महिन्यात तुमच्याकडूनच नेला.”

“टाकं नेलंत?”

“टाकं नको हो, तोफच हवीय.”

“मग तोफा उडवून घसा कोरडा पडला की तुमची माणसं काय पिणार? बंदुकीची दारू?”

गिऱ्हाईक हसते. करडेकाका हसत नाहीत. ते फळीवरून एक टाके काढून समोर ठेवतात, चष्म्याच्या वरून पाहतात आणि म्हणतात, “आधी पाणी, मग तोफ. किल्ला भिंत फुटून पडत नाही, तहानेनं पडतो.” बहुतेक लोक मुकाट्याने टाके घेतात. उरलेले तणतणत निघून जातात आणि शनिवारी परत येऊन टाके घेतात, कारण अशी तोफ पुण्यात दुसरीकडे मिळत नाही.

हे दुकान कसबा पेठेत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीत आहे. दोन्ही बाजूंना घणाचे ठोके आणि मध्ये दोन माणसे समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबावे एवढी जागा. किल्ल्याला वेढा घालण्याचा एक पटावरचा खेळ काकांनी स्वतः रचला आहे. त्याचे नाव ‘वेढा’. या खेळाला लागणारे तट, बुरूज, शिड्या, सैनिक, रसदेचे बैल आणि धान्याची कोठारे एवढाच माल तेथे असतो. करड्यांच्या तीन पिढ्यांनी भांड्यांना कल्हई केली. कल्हईची भांडी लोकांनी वापरणे सोडले, तेव्हा काकांनी त्याच कथिलाचे सैनिक ओतायला सुरुवात केली.

डावीकडची वरची फळी अद्भुतांची आहे. तेथे उडती घोरपड आहे, तोंडातून जाळ काढणारा आग्यावेताळ आहे, धुके पसरवणारा एक यक्ष आहे आणि बुरूज पोखरणारी, मांजराएवढी कल्पिलेली एक वाळवी आहे. शनिवार-रविवारी हिंजवडीकडची तरुण मंडळी येतात आणि हमखास विचारतात, “काका, ड्रॅगन नाही का?”

“ड्रॅगन थंड मुलखातला. आपल्या उन्हात घोरपडच टिकते. रोज एक बैल खाते. बैल घेणार असाल तर काढतो.”

“बैल कंपल्सरी आहे?”

“तुम्हाला जेवण कंपल्सरी आहे का? मग तिलाही आहे.”

मी त्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. मूळची अकोल्याची, मिश्रधातू थंड होताना त्यांच्या आत काय घडते, या विषयावर पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करते. ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी माझा प्रबंध, दोन शोधनिबंध आणि परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज असे तीन मोर्चे एकाच वेळी उघडे होते. वेळ वाया घालवणाऱ्या माणसांशी मैत्री करायची नाही, असा माझा त्या काळचा ठाम निर्णय होता. करडेकाकांनी तो पहिल्याच भेटीत निकालात काढला.

मला एका सहकाऱ्याला निरोपाची भेट म्हणून दगड फेकणारे यंत्र हवे होते. काकांनी ते दाखवले, माझा हात पुढे होताच मागे घेतले आणि विचारले, “कुठल्या आपण?”

“अकोला.”

“म्हणजे नरनाळा किल्ला तुमच्या उशाशी. पाहिलात?”

“नाही.”

“हं.” या एका अक्षरात पुणेकर किती मजकूर बसवू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. “वर राहायला आलात ना? शिबंदी किती?”

शिबंदी म्हणजे किल्ल्यावरची फौज, हे मला शाळेपासून ठाऊक होते. माझ्या खोलीत ती किती, हे कोणी विचारले नव्हते. “एक,” मी म्हटले.

“आणि पाणी कोण मोजतं?”

“मीटर,” मी म्हटले.

काकांनी यंत्र परत फळीवर ठेवले आणि एक टाके कागदात बांधून माझ्या हातात दिले. यंत्र मला पाचव्या दिवशी मिळाले.

पुढे मी त्यांना सुधारण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या सैनिकांच्या भाल्यांची टोके बोथट येत. शुद्ध कथिलात अँटिमनी थोड्या प्रमाणात मिसळल्यास कडा अधिक रेखीव येतील, असे मी आकृत्यांसह तीन पानी टिपण लिहून दिले. काकांनी ते आदराने वाचले. आठ दिवसांनी त्यांनी दोन घोरपडी माझ्यासमोर ठेवल्या. एक नेहमीची, दुसरी माझ्या टिपणाप्रमाणे ओतलेली. दुसरीचा खवला न् खवला सुटा दिसत होता. माझा चेहरा निश्चितच खुलला असावा.

“तुमची घोरपड देखणी आहे,” काका म्हणाले. “पण लहान मुलं सोंगटी आधी तोंडात घालतात, मग पटावर ठेवतात. हे साधं कथिल आहे, कल्हईचं. यात लोक पिढ्यान्‌पिढ्या जेवले. तुमच्या त्या अँटिमनीत जेवणार कोण?”

धारदार घोरपड त्यांनी मला भेट दिली. ती देतानाही एक बैल बरोबर दिला.

आता सोमवारची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. मी राहायला आले त्या पहिल्या सोमवारी सकाळी बरोबर अकरा वाजता खालून आवाज आला, “पाणी तेरा!” मी अकोल्याची. पाण्याविषयी कोणी ओरडले की आम्ही कारण विचारत नाही. मी दोन्ही बादल्या भरून ठेवल्या. दुसऱ्या सोमवारी त्याच ठोक्याला पुन्हा आवाज आला, “पूर्व बुरुजाखाली सुरुंग! पाणी बारा!” तेव्हा मात्र मी खाली गेले.

दुकानाच्या मागच्या भागात, पडद्याआड, शिसवी टेबलावर एक मोठा किल्ला मांडलेला होता. चार बुरूज, दुहेरी तट आणि आत बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याचे टाके. टाक्यात निळे काचेचे मणी. काका कानाला फोन लावून उभे होते. पलीकडून एक खणखणीत बाईचा आवाज येत होता, “सुरुंग लाव, नाहीतर फटाके लाव. मी तिथं कढत तेल ओतलंय.” काकांनी निमूटपणे आपले चार सैनिक उचलून बाजूला ठेवले.

ती आक्का, काकांची मोठी बहीण. साताऱ्यात एकटी राहते. तीन वर्षांपूर्वी पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि हिंडणेफिरणे थांबले. त्यानंतरच्या दिवाळीत काकांनी दोन सारखे किल्ले ओतले, एक इथे ठेवला, एक तिच्या घरी मांडून दिला आणि फोनवर वेढा सुरू केला. आक्का किल्ला राखते, काका तो घेऊ पाहतात. दर सोमवारी अकराला आक्काचा फोन येतो आणि दोन्ही बाजूंची एकेक चाल होते.

या वेढ्याचे नियम काकांनी एका शंभर पानी वहीत लिहिले आहेत. वहीला ते ‘बखर’ म्हणतात. त्यातले तीन नियम येथे पुरेत. पहिला: वेढा घालणाऱ्याने स्वतःहून किल्ल्यात निरोप पाठवायचा नाही, निरोप आतूनच यायला हवा. दुसरा: राखीपौर्णिमा आणि भाऊबीज हे दोन दिवस तह, त्या दिवशी साताऱ्याला जाऊन जेवावे, एरवी जाऊ नये. तिसरा: टाक्यात आरंभी शंभर मणी, दर सोमवारी त्यातला एक काढायचा आणि उरलेले पाणी किती, ते शत्रूने जाहीर करायचे.

“शत्रूने का?” मी विचारले होते.

“कारण आपल्या तहानेबद्दल माणूस खरं बोलत नाही,” काका म्हणाले. “पाणी दुसऱ्यानं मोजलेलं बरं.”

मला मोजमापाची सवय आहे. घरी बसून प्रबंध लिहिण्याचा काळ होता, सोमवारी चहाला खाली जाणे सुरू झाले होते, आणि टाके समोरच असे. मी ठरवून काही केले नाही; आकडे आपोआप लक्षात राहत गेले. तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ, आठ. आणि नंतरच्या सोमवारी चौदा. मग पुन्हा तेरा, बारा. हा आलेख कोणत्याही टाक्याला शोभणारा नव्हता. एका ऑगस्टच्या दुपारी मी बखरीतले सोमवार मोजले. एकशे त्रेचाळीस भरले. शंभरातून एकशे त्रेचाळीस गेले, तर टाक्यात उणे त्रेचाळीस मणी असायला हवे होते. होते अकरा.

मी आलेख कागदावर काढून काकांसमोर ठेवला. माझ्या स्वरात थोडा विजय होता, हे मी कबूल करते.

“काका, किल्ल्यात कोणीतरी पाणी भरतंय.”

“पाऊस झाला असेल.”

“नियमांत पाऊस नाही. मी तपासलं.”

काकांनी आलेख बराच वेळ पाहिला. मग त्याची सुबक घडी घालून बखरीत ठेवली. “गणित बरोबर आहे तुमचं. म्हणूनच ते इथं मोठ्यानं म्हणू नका.”

“पण तुम्ही कधीच जिंकला होतात! स्वतःच्या विरुद्ध लबाडी कोण करतं?”

“किल्ला पडला की वेढा उठतो,” ते म्हणाले. “वेढा उठला की फौजा घरी जातात. आम्ही दोघंही आधीच घरी आहोत, बाई. तिनं मग सोमवारी अकराला काय करायचं? एकटी असते ती.”

मग गिऱ्हाईक आले आणि त्याला टाके विकायला ते बाहेर गेले.

सप्टेंबरमधल्या एका सोमवारी अकरा वाजले आणि फोन आला नाही. सव्वाअकरा झाले. काका म्हणाले, “आत खलबत चालू असेल.” बारा वाजता म्हणाले, “आक्का मुद्दाम ताटकळत ठेवते. लहानपणापासूनची खोड.” टाक्यातले मणी नऊ होते, ते नऊच राहिले. त्या आठवड्यात मी चार वेळा म्हटले, तुम्हीच करा फोन. चार वेळा उत्तर आले, “नियम आहे.”

दुसऱ्या सोमवारीही अकरा वाजून गेले. मी वर बसून कान लावून होते. बाराच्या सुमारास एक मुलगा दुकानातून उड्या मारत बाहेर पडला आणि रस्त्यावर थांबलेल्या आईला ओरडून म्हणाला, “आई, तोफ मिळाली! टाकं नाही घ्यावं लागलं!”

मी अनवाणीच जिना उतरले.

काका गल्ल्यामागे बसले होते. समोर तोफांची पेटी उघडी होती. “काका, त्याला तोफ दिलीत?”

“हं.”

“टाक्याशिवाय?”

“तो म्हणाला तोफ हवीय,” काका म्हणाले. “दिली.”

धातू तुटण्यापूर्वी काही खुणा दाखवतो. त्या वाचणे हाच माझा व्यवसाय आहे. मी त्यांच्याकडून आक्कांचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. काका माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. ते माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. शेजाऱ्यांचा नंबर? नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आले की नियमाचा येथे काही संबंध नव्हता. नियम हा आडोसा होता. आपण फोन करायचा आणि तो कोणी उचलायचाच नाही, या शक्यतेपुढे काका आठ दिवस पाठ करून बसले होते.

“साताऱ्याला चला,” मी म्हटले.

“वेढा घालणाऱ्याला आत जाता येत नाही.”

“मग कोणाला जाता येतं?”

काकांनी बखर उघडली. आपणच लिहिलेले नियम ते नवख्यासारखे वाचत होते. “वकिलाला,” ते अखेर म्हणाले. “बोलणी करायला शत्रूकडे वकील पाठवता येतो. पांढऱ्या निशाणासह.”

“मग मला नेमा.”

त्यांनी खरोखरच नेमले. फळीवरून एक पांढरे निशाण काढले, कागदावर दोन ओळींचे पत्र लिहिले, घडी घालून माझ्या हाती दिले, दुकान बंद केले आणि माझ्याबरोबर स्वारगेटला आले. बसमध्येही चढले. “तुम्हाला आत जाता येत नाही ना?” मी विचारले.

“दारापर्यंत येता येतं. वेढा दाराबाहेरच असतो.”

एरवी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक टेकडीवर काका किल्ला बांधून दाखवतात; त्या दिवशी खंबाटकीचा घाट संपेपर्यंत त्यांनी एकही बांधला नाही. माझ्या मनात एक यादी तयार होत होती. डॉक्टर, शेजारी, कुलूप तोडणारा. शेवटची नोंद मी मनातसुद्धा पूर्ण केली नाही.

आक्कांची इमारत तीन मजली होती. त्या पहिल्या मजल्यावर राहत. समोर फाटक, मागे अजिंक्यताऱ्याचा डोंगर. काका फाटकापाशी थांबले. “ठीक असेल तर गॅलरीतून निशाण हलवा,” ते म्हणाले. “ठीक नसेल तर… तर खाली या.”

मी वर गेले. घंटी वाजवली. आत काही हालले नाही. पुन्हा वाजवली. मग काहीतरी टक् टक् करीत अत्यंत सावकाश दाराकडे येऊ लागले. माझ्या आयुष्यात मी अनेक निष्कर्षांची वाट पाहिली आहे. त्या टकटकीएवढा वेळ एकालाही लागलेला नाही. दार उघडले. चार पायांच्या काठीवर रेललेली, पांढऱ्या केसांची, उंच बाई. काकांचेच नाक.

“कोण गं तू?”

“मी वकील आहे,” मी म्हटले आणि त्यातला वेडेपणा ऐकून थांबले. “म्हणजे… करडेकाकांकडून आले. बोलणी करायला.”

आक्कांनी मला नखशिखान्त पाहिले. “मुकुंदानं वकील ठेवला? अगं बाई! एवढी वेळ आली त्याच्यावर? ये आत. चप्पल बाहेर.”

“तुमचा फोन लागत नाही. दोन सोमवार झाले.”

“कसा लागेल? तांदळात आहे.”

“कशात?”

“बादलीत पडला गं. कामाला येते ती सुनंदा म्हणाली, तांदळात पुरून ठेवा, चार दिवसांत बरा होतो. मी म्हटलं, चार कशाला, चांगला पंधरा दिवस राहू दे. आढीत घातल्यासारखा. अर्धवट काढला आणि कच्चा निघाला तर?”

मी हसले की काय केले, ते मला नीट सांगता येणार नाही; भिंतीला टेकून उभी राहिले, एवढे खरे. “दुसऱ्या कोणाच्या फोनवरून…”

“नंबर कुठं पाठ आहे? पूर्वी सहा आकडी होते तेव्हा पाठ होते. मी कार्ड टाकलंय की त्याला. पश्चिम दरवाज्यावर कुमक पाठवली, असं स्पष्ट लिहिलंय. पोचलं नाही? बघ, टपालसुद्धा वेढ्यात अडकलं.”

मला निशाण आठवले. मी गॅलरीत धावले आणि ते हलवले. आमच्या दोघांच्या बुद्धीचा हिशेब तेव्हा लागला. निशाण उदबत्तीच्या तुकड्याएवढ्या काडीवर होते आणि त्याचे कापड टिकलीएवढे. खाली फाटकापाशी काका कपाळावर हात धरून वर पाहत होते. त्यांना गॅलरीत मी दिसत होते, एकटी, हात वर करून काहीतरी करणारी. निशाण दिसणे शक्य नव्हते. मी आणखी जोरात हलवले. काका हळूहळू फाटकाच्या कट्ट्यावर बसले.

“सरक,” मागून आक्का म्हणाल्या. काठी टेकत त्या गॅलरीत आल्या आणि कठड्याला धरून त्यांनी हाक मारली, “मुकुंदाऽ! तिथं काय बसलायस भिकाऱ्यासारखा?”

काका उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला.

“वर ये,” आक्का म्हणाल्या.

“कसा येऊ?” खालून आवाज आला. तो नीट निघाला नाही, म्हणून त्यांनी तो पुन्हा काढला. “वेढा चालू आहे!”

“मग चोरदिंडीनं ये. मागचा जिना उघडा आहे.”

चोरदिंडी म्हणजे किल्ल्याचा गुप्त दरवाजा. ती कुठे आहे हे आतल्यांनी प्राण गेला तरी सांगायचे नसते. काकांना या स्थितीतही ते सहन झाले नाही. “आक्का! चोरदिंडी शत्रूला सांगतात का?”

“शत्रूला कोण सांगतंय?” आक्का म्हणाल्या.

काका इमारतीच्या मागे दिसेनासे झाले, आणि आक्का एकदम माझ्याकडे वळल्या. “पोरी, लवकर. तो किल्ला. टाक्यात मणी टाक. मला वाकता येत नाही. शेवटचं पाणी किती सांगितलं होतं त्यानं?”

“नऊ. पण…”

“नऊ टाक. ती बघ डबी, शेजारीच.”

खिडकीखालच्या चौरंगावर तोच किल्ला होता, तेच चार बुरूज. फक्त टाके वेगळे होते; कुंकवाच्या जुन्या करंड्याचे झाकण. ते कोरडे ठणठणीत होते. तळाशी बारीक धूळ होती.

“आक्का, हे रिकामं आहे.”

“गेल्या दसऱ्यापासून. नियमाप्रमाणे दर सोमवारी मी एक मणी काढत गेले. शेवटचा काढला, आणि हा म्हणतो, ‘आक्का, पाणी चौदा.’ मी म्हटलं, चौदा तर चौदा. राखीला, भाऊबीजेला तो यायच्या आधी भरते, गेला की रिकामं करते. आज न सांगता आला मेला. तू टाक गं, बोलतेस काय!”

मी मणी टाकू लागले. एक, दोन, तीन. मागच्या जिन्यावर काकांचे गुडघे ऐकू येत होते. “तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?”

“सांगून काय? किल्ला पडला असता. मग सोमवारी त्यानं करायचं काय? एकटा असतो गं तो.” आक्का दाराकडे कान देऊन होत्या. “लहानपणी अंगणात मातीचा किल्ला करायचो आम्ही. त्याला आधी तोफा मांडायच्या असत. मी हे झाकण पुरायची आणि सांगायची, आधी पाणी, मग तोफ. त्यानं अजून लक्षात ठेवलंय की नाही, देव जाणे.”

सहा, सात, आठ. खोट्या मोजमापाबद्दल मी इतरांच्या निबंधांवर कठोर अभिप्राय लिहिले आहेत. नऊ. दार ढकलले गेले.

काका आत आले. धाप लागली होती, पायजम्याला जिन्याचा चुना लागला होता. बहिणीकडे त्यांनी फक्त एकदा पाहिले, डोक्यापासून काठीच्या चारही पायांपर्यंत. सरळ चौरंगाकडे गेले, वाकले आणि करंड्याच्या झाकणातले मणी ओठ हलवत मोजले.

“नऊ,” ते म्हणाले.

“नऊ,” आक्का म्हणाल्या.

काकांनी इतका लांब श्वास सोडला की तटावरचा एक सैनिक आडवा झाला. तो त्यांनी उचलून जागेवर ठेवला. “पाणी कमी आहे आक्का. जपून वापर.”

“तू तुझ्या तोफा बघ. बस आता, भात टाकते. तांदूळ तेवढा फोनच्या डब्यातून काढायचाय.”

फोन त्या तांदळातून निघाला आणि चक्क सुरू झाला. आक्कांचे कार्ड गुरुवारी कसब्यात पोचले. पुढच्या सोमवारी अकराच्या ठोक्याला खालून आवाज आला, “पाणी आठ!” आणि मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाकडे परत वळले. आक्कांचा नंबर मात्र मी पाठ करून ठेवला आहे, दहाही आकडे.

त्या घाईत डबीतून मी दहा मणी उचलले होते. दहावा परतीच्या बसमध्ये माझ्या मुठीत सापडला. काका शेजारी गाढ झोपले होते, आठ दिवसांची झोप. मणी परत करायला हवा, हे मला कळते. तो अजून माझ्या टेबलावर आहे. काकांनी पहिल्या दिवशी बांधून दिलेल्या टाक्यात.